बारा शब्दांची दुसरी पट्टी

४ मार्च, मंगळवार

आज ताईला थाप मारली. एकसष्टाव्या वर्षी, तोंड वर करून.

ती अकराच्या सुमारास दुकानात आली. काउंटरवर किल्ल्यांचा पसारा होता, तो कोपराने बाजूला सारून तिने भाऊजींचा जुना फोन ठेवला आणि म्हणाली, "धाकट्या, कुलूप-किल्लीतलं तुला कळतं. मग हेही तुलाच कळणार."

हे म्हणजे क्रिप्टो. भाऊजींनी हौसेने नाणी घेऊन ठेवली होती आणि ते गेल्यावर ती तशीच एका कंपनीच्या ॲपमध्ये पडून राहिली. आता ती कंपनी गाशा गुंडाळतेय. महिनाअखेरीपर्यंत आपापली नाणी आपापल्या वॉलेटमध्ये हलवा, पुढचं आम्हाला विचारू नका, असं पत्र आलंय. ताईच्या म्हातारपणची पुंजी म्हणावी तर ती एवढीच. पेन्शन घरभाड्यात आणि औषधांत जाते.

वॉलेट म्हणजे खिशातलं पाकीट, यापलीकडे माझी मजल नाही. पण माझं उत्तर ठरलेलंच आहे अशा खात्रीने ती बघत होती. मी म्हणालो, "हो तर. त्यात काय एवढं? माझ्यावर सोड."

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "बबडीला फोन करा. तिचं कामच ते आहे." खरंच आहे. आमची लेक कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करते, दुसऱ्या शहरात. पण दोन वर्षांपूर्वी ती मला म्हणाली होती की बाबा, फोनला निदान कुलूप तरी लावा. तेव्हा मी चार पाहुण्यांदेखत हसलो होतो. "चाळीस वर्षं कुलपं विकतोय, तू मला कुलूप शिकवतेस?" त्यानंतर तिने मला कसलाही सल्ला दिलेला नाही. आता कुठल्या तोंडाने विचारू?

६ मार्च, गुरुवार

दोन दिवस दुपारी शटर अर्धं ओढून फोनवर वाचत बसतोय. डोळे चुरचुरतात. पण जरा जरा उलगडायला लागलंय.

नाणी पुन्हा दुसऱ्या एखाद्या कंपनीकडे ठेवणं म्हणजे भाड्याची खोली. किल्ली मालकाकडे, आपण फक्त राहतो. मालक उद्या पळाला तर आपण रस्त्यावर. फोनमध्येच वॉलेट घेतलं तर किल्ली आपली, पण फोन पडतो, चोरीला जातो, भलत्या लिंकवर बोट पडतं. आणि ताईचा फोन तर अर्धा वेळ सोफ्याच्या फटीत असतो. तिसरा प्रकार मला पटला. पेन ड्राइव्हएवढं छोटं यंत्र असतं, ते एरवी कशाला जोडायचंच नाही. नाणी हलवायची असतील तेव्हा जोडायचं आणि त्याचं बटण हाताने दाबायचं. दाबलं नाही तर एक नाणंही बाहेर जात नाही.

हे यंत्र सुरुवातीला बारा शब्द दाखवतं. ती खरी किल्ली. यंत्र हरवलं, जळलं, तरी बारा शब्द ओळीने टाकले की कुठेही वॉलेट पुन्हा उघडतं. म्हणून त्यांचा फोटो काढायचा नाही, ते फोनमध्ये लिहायचे नाहीत, कुणी कितीही गोड बोललं तरी सांगायचे नाहीत. कागद जळतो, भिजतो, म्हणून काही लोक ते धातूवर ठोकून ठेवतात.

वाचून हसू आलं. हे तर बाबांनी मला दुकानात बसवलं त्या दिवशी सांगितलं होतं. गिऱ्हाइकाच्या किल्लीची नक्कल ठेवायची नाही. कापताना बिघडली तर ती बिघडलेली किल्ली गिऱ्हाइकासमोर चिमट्यात धरून तोडायची आणि दोन्ही तुकडे त्याच्या हातात द्यायचे. चाळीस वर्षं मी ते पाळलंय. चौकातला मशीनवाला दोन मिनिटांत किल्ली कापून देतो, पण वाया गेलेल्या किल्ल्या कुठे टाकतो ते त्याचं त्यालाच ठाऊक.

९ मार्च, रविवार

ताईकडे जेवायला गेलो होतो. मी सगळं समजावून सांगितलं. तिने एका वहीत लिहून घेतलं. आधी मला ते बरं वाटलं, मग कळलं की ती हल्ली सगळंच लिहून ठेवते.

ही भांडी आवरायला आत गेली तेव्हा ताई हळूच म्हणाली, "धाकट्या, मला विसरायला होतंय रे." गॅलरीची खिडकी उघडी ठेवून जाते म्हणे, आणि येते तर बंद. औषधांची डबी फ्रिजवर ठेवते, ती टेबलावर सापडते. "मीच केलं असणार ना? दुसरं कोण आहे घरात? पण आठवत म्हणून नाही." सत्तावीस तारखेला तिने डॉक्टरांची वेळ घेतलीय. काही तपासण्या करणार आहेत, चित्रं ओळखायची, आकडे उलटे म्हणायचे, असलं काहीतरी.

हॉस्पिटलच्या औषधभांडारात तीस वर्षं काढलेली बाई. कुठलं औषध कुठल्या फळीवर, ते डोळे मिटून सांगायची. मी "वय झालं की होतं असं" म्हणालो.

"आणि हे वॉलेटचं, बबडीला विचारलंस ना?" तिने विचारलं.

"विचारलं. तिला पसंत आहे," मी म्हणालो. झाली दुसरी थाप.

११ मार्च, मंगळवार

बाजारातून परत येताना ताईच्या घरावरून आलो. ती वाचनालयात गेली होती. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा ठिबकत होता, पिशवीत वॉशर होतंच, बदलून टाकलं. खिडकी सताड उघडी. फ्रिजवर तिच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली: 'खिडकी उघडी ठेवली आहे. १०.२०.' म्हणजे उघडी आहे हे ठाऊक असून तशीच टाकून गेली! खिडकी लावून घेतली, औषधांची डबी समोर दिसेल अशी ठेवली आणि निघालो.

वाईट वाटतं. तिच्याकडे बघायला कुणीतरी हवं.

१५ मार्च, शनिवार

यंत्र आलं. कंपनीकडूनच मागवलं, वापरलेलं नको आणि मध्यस्थही नको, एवढं मी शिकलोय. वेष्टनाचं सील चारही बाजूंनी तपासलं. कुलपाचं सील मी जन्मभर तपासत आलोय, त्यात मला कुणी फसवू शकणार नाही.

ताईच्या जेवणाच्या टेबलावर सगळं केलं. मी तिच्याकडे पाठ फिरवून बसलो आणि तिने शब्द स्वतः लिहून घेतले. यंत्र उघडायचा गुप्त आकडाही तिनेच ठरवला. आधी थोडीशी नाणी पाठवून पाहिली. ती पोचल्यावर यंत्र पार कोरं केलं आणि तिच्याकडून शब्द टाकून घेऊन पुन्हा उघडलं. मग बाकीची हलवली. शेवटचं बटण ताईनेच दाबलं. पडद्यावर आकडा आला तसं तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायची तशी. म्हणाली, "आज तुझे भाऊजी हवे होते."

मला फार बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

शब्दांचा कागद तिने पाकिटात घालून माझ्याकडे दिलाय, पितळी पट्टीवर ठोकायला.

१७ मार्च, सोमवार

पट्टी केली. अक्षरांचे ठसे बाबांच्या वेळचे आहेत, एकेक अक्षर धरायचं आणि हातोडीचा एकच ठोका द्यायचा. सातव्या शब्दाला ठसा सरकला आणि अक्षर तिरपं बसलं. वाचता येत होतं, पण ताईला असं काम कसं देणार? तशीच शेवटपर्यंत नेली, हात बसावा म्हणून. मग दुसरी पट्टी केली, ती देखणी झाली.

लावून बघितल्याशिवाय किल्ली हातात द्यायची नाही ही आपली सवय. म्हणून माझ्या फोनमध्ये एक वॉलेटचं ॲप घेतलं आणि पट्टीवरून बारा शब्द टाकले. झटकन उघडलं. ताईची सगळी नाणी समोर. किल्ली लागली.

यानंतर ते ॲप काढायचं होतं. काढलं नाही.

खरं काय ते इथे तरी लिहितो. मला वाटलं, ताई विसरते. उद्या पट्टी कुठे ठेवली तेच विसरली तर? कुणाकडे तरी असायला हवं. तिरप्या अक्षराची पट्टी काउंटरच्या खालच्या खणातल्या पेपरमिंटच्या गोळ्यांच्या डबीत ठेवली, तिथे आधीपासून आहे त्या किल्लीशेजारी. चार दिवसांनी वितळवून टाकेन.

संध्याकाळी ताई पट्टी न्यायला आली. पितळेवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबांच्या हातासारखंच काम आहे रे." मग, "करताना एखादी बिघडली नाही ना?"

बाबांचा नियम तिलाही पाठ आहे. मी म्हणालो, "छे."

२० मार्च, गुरुवार

रोज सकाळी शटर उघडलं की एकदा बघतो. आकडा खाली-वर होतो, नाणी जागच्या जागी असतात. जिवाला बरं वाटतं.

दुपारी ताईचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाली, "काय रे, आता किती किंमत झाली असेल त्याची?" मी लगेच सांगितली, अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत. नुकतीच बघितली होती.

ती नुसतं "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. थकली असावी.

२४ मार्च, सोमवार

शून्य.

सकाळी उघडलं तर शून्य. ॲप बंद करून परत उघडलं. फोन बंद करून परत चालू केला. शून्यच. खाली एक ओळ: रविवारी दुपारी सगळी नाणी कुठल्याशा लांबलचक पत्त्यावर गेलेली. स्टुलावर बसलो तो बसलोच. समोर गिऱ्हाईक उभं होतं. "काका, किल्ली झाली का?" असं त्याने तीनदा विचारलं असेल.

ताईची पट्टी तिच्या कपाटात आहे. मग चोराला शब्द मिळाले कुठून? माझ्याकडूनच. ज्या फोनला कुलूप लाव म्हणून लेक सांगत होती, त्या फोनमधून. नाहीतर या खणातून. खण उघडून पाहिलं. डबी आहे, पट्टी आहे, किल्ली आहे. पण पट्टी नुसती वाचून गेलं कुणी तर मला काय कळणार? मी कितीदा चहाला उठतो.

ताईला सांगायला हवं. पण सांगू कसं? 'तुझं वॉलेट रिकामं झालंय' म्हटलं की ती विचारणार, तुला कसं कळलं?

२५ मार्च, मंगळवार

सांगितलं नाही.

२६ मार्च, बुधवार

आजही नाही. तिचा फोन आला होता. उद्या अकराला डॉक्टरकडे जायचंय म्हणाली. "भीती वाटते रे. काय निघेल कोण जाणे." मी म्हणालो, "काही निघत नाही, तू उगाच जिवाला लावून घेतेस." माझ्या तोंडून इतकं गुळगुळीत वाक्य आलं की माझी मलाच किळस आली. तिची पुंजी माझ्या हातून गेली आणि मी तिला धीर देतोय.

हिने विचारलं, जेवण का जात नाही. पोट बिघडलंय म्हणालो. हल्ली माझ्या तोंडून खरं निघणं बंद झालंय.

मनात येतं, शब्द तिच्याकडूनच कुठेतरी गेले असतील. कुणाला तरी सांगून बसली असेल आणि विसरली असेल. हे मनात आलं तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच जास्त लाज वाटते. उद्या ती दवाखान्यात गेली की जाऊन पट्टी जागेवर आहे का बघून येतो.

२७ मार्च, गुरुवार

सव्वाअकराला तिच्या दाराशी गेलो. किल्ली फिरवून आत गेलो.

ताई टेबलाशी बसली होती. चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत. तिने वर पाहिलं, पण माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या हातातल्या किल्लीकडे.

मी म्हणालो, "तू... डॉक्टर..."

"त्यांनी वेळ दुपारची केली." तिने चष्मा काढला. "ही किल्ली कुठली?"

"नवं कुलूप बसवलं ना, भाऊजी गेल्यावर. तेव्हाची तिसरी. जड लागत होती म्हणून..."

"ती तोडली म्हणाला होतास."

मी किल्ली मुठीत घेतली. जड लागत होती ती घासून सारखी केली, हे काय सांगायचं?

"धाकट्या," ती म्हणाली, "म्हणजे खिडकी तू लावायचास?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. "धूळ येते आत," मी म्हणालो. "तू उघडी टाकून जातेस."

"आणि डबी?"

"समोर दिसावी म्हणून."

"नळ?"

"वॉशर बदललं."

ती उठली, कपाटाचा खण ओढला आणि तो उचलून टेबलावर पालथा केला. चिठ्ठ्या. शेकड्यांनी असतील. 'खिडकी उघडी ठेवली.' 'डबी फ्रिजवर आहे, नीट बघितली.' 'दिवा बंद केला, दोनदा.' तारखा घातलेल्या, वेळा घातलेल्या. औषधभांडारात नोंदी करायची त्याच बारीक, सरळ अक्षरात.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं मला वाटतंय माझं डोकं जातंय. मी रात्र रात्र... अरे, एकदा सांगायचं होतंस! घंटी वाजवायची होतीस!"

ती रडत होती आणि मधेच हसत होती, आणि मला कशाकडेही बघवत नव्हतं. मी काळजी घेतोय असं समजत होतो. ती विसरते म्हणून मी नक्कल ठेवली, आणि ती विसरते असं तिला वाटत होतं ते माझ्या नकलेमुळे.

मग एकदम सगळंच बाहेर पडलं. "ताई, नाणीही गेली. माझ्यामुळे. मी दुसरी पट्टी ठेवली होती, फोनमध्येही शब्द होते, सोमवारपासून मला माहीत आहे."

"गेली नाहीत," डोळे पुसत ती म्हणाली. "मीच हलवली. तू फोनवर शेवटच्या आकड्यापर्यंत किंमत सांगितलीस ना, तेव्हा वाटलं, याला एवढं कसं ठाऊक? मग म्हटलं, मलाच काही कळत नसेल. बबडीचे आभारही मानायचे होते, म्हणून तिला फोन केला. तिला तर कशाचाच पत्ता नव्हता. तिने एवढंच विचारलं, आत्या, बाबांनी ते शब्द कुठे टाकून पाहिले होते का? रविवारी ती आली होती. नवे शब्द करून दिले."

बबडी रविवारी या गावात येऊन गेली आणि घरी आली नाही.

"सोमवारपासून माहीत होतं म्हणालास," ताई म्हणाली. "आज गुरुवार. काल तर आपण बोललो."

मी टेबलावरच्या चिठ्ठ्या गोळा करून परत खणात भरायला लागलो.

दुपारी तिला डॉक्टरकडे नेऊ का विचारलं. ती म्हणाली, जाणार आहे, पण एकटी. जाऊन हे सगळं त्यांना सांगणार आहे.

२९ मार्च, शनिवार

हिला सगळं सांगितलं. ही ताट तसंच ठेवून उठली. तिन्हीसांजेला ताईचा हिला फोन आला: तपासणीत काहीही निघालं नाही, डॉक्टर म्हणाले स्मरणशक्ती तुमच्या वयाच्या मानाने उत्तम आहे. ही फोनवर रडली. मी दुसऱ्या खोलीत उभा राहून ऐकत होतो, चोरासारखा.

बबडीला फोन केला. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसमोर हसलो त्याची माफी मागितली. "बाबा, ते मी कधीच विसरले," ती म्हणाली. "पण आत्याचं मला विसरता येणार नाही. मला थोडा वेळ द्या." मग म्हणाली, "फोनमधलं ते ॲप काढलंत का?" काढलं होतं. आणि फोनला कुलूपही लावलं.

३१ मार्च, सोमवार

ताई दुकानात आली. अकराला, नेहमीसारखी. काउंटरवरचा पसारा मात्र तिने आज कोपराने सारला नाही. गिऱ्हाइकासारखी बाहेर उभी राहिली.

मी खालचा खण उघडला, डबी काढली आणि दोन्ही वस्तू तिच्यासमोर ठेवल्या. तिने तिरपं अक्षर बोटाने चाचपलं. "वाचता तर येतंय," म्हणाली.

मग मी पट्टी शिकंज्यात धरली आणि करवतीने सहा तुकडे केले. ते शब्द आता काही उघडत नाहीत, तरी केले. किल्ली चिमट्यात धरली. घासून घासून पातळ झालेली होती, एका हिसक्यात तुटली. सगळे तुकडे तिच्या हातात दिले. तिने ते मोजून पर्समध्ये टाकले.

वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. टपली मारेल. निदान शिवी देईल.

ती म्हणाली, "दाराचं कुलूप बदलायचंय. चांगला माणूस कोण आहे, सांग."

मी भिंतीवरच्या पाटीकडे बघितलं. बाबांच्या हातची पाटी, चाळीस वर्षं माझ्या डोक्यावर आहे. मग म्हणालो, "चौकातला मशीनवाला बरा आहे. काम चोख आहे त्याचं."

"बिघडलेली किल्ली समोर तोडतो?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. एरवी मी म्हणालो असतो, हो तर, त्यात काय एवढं.

"ठाऊक नाही, ताई," मी म्हणालो. "तू उभी राहून तोडून घे."

ती मान हलवून निघाली. चौकापर्यंत तिच्याबरोबर जावंसं फार वाटलं. गेलो नाही. तिने बोलावलं नव्हतं.